कैरो विद्यापीठाचे जन्मवर्ष कोणते: १८२७, १९०८ की १९२५?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, कैरो विद्यापीठाविषयी वाचताना एका ठिकाणी स्थापना १९०८ ची दिसते, दुसऱ्या ठिकाणी १९२५ ची दिसते, आणि त्याच विद्यापीठाची वैद्यक विद्याशाखा मात्र १८२७ मध्ये सुरू झाली असे सांगितले जाते. मग यांपैकी खरे वर्ष कोणते, आणि हे विद्यापीठ इजिप्तच्या राजाने काढले, सरकारने काढले की लोकांनी, असे आपण विचारले आहे. आधुनिक पश्चिम आशियाचा इतिहास अनेक वर्षे शिकवताना हा गोंधळ मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी पाहिला आहे. तिन्ही वर्षे खरी आहेत. परंतु प्रत्येक वर्षी निर्माण झालेली गोष्ट वेगळी होती, आणि ती एकमेकींत कशी मिसळली हे समजल्याशिवाय या विद्यापीठाचा पुढचा इतिहास, विशेषतः सरकारशी त्याचे वारंवार झालेले खटके, नीट उमगत नाहीत. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम १८२७. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये उच्च शिक्षणाचे केंद्र एकच होते, ते म्हणजे दहाव्या शतकात फातिमी राजवटीत उभी राहिलेली अल-अझहर मशीद. तेथे कुराण, हदीस, धर्मशास्त्र आणि अरबी व्याकरण यांचे अध्ययन होई. ओटोमन सुलतानाचा सुभेदार म्हणून आलेल्या आणि पुढे जवळजवळ स्वतंत्र राज्यकर्ता बनलेल्या मुहम्मद अलीला युरोपीय पद्धतीची फौज उभारायची होती, आणि फौजेसाठी शल्यवैद्य, अभियंते, तोफखान्याचे अधिकारी हवे होते. त्याने अल-अझहरला हात न लावता तिच्या शेजारी नव्या शाळांची वेगळी रांग उभी केली. क्लो या फ्रेंच डॉक्टराच्या देखरेखीखाली अबू झाबल येथील लष्करी इस्पितळात १८२७ मध्ये वैद्यकशाळा निघाली आणि १८३७ मध्ये ती कैरोतील कस्र अल-ऐनी येथे आली. आजही कैरोमध्ये ‘कस्र अल-ऐनी’ म्हटले की लोकांना वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे इस्पितळच आठवते. अभियांत्रिकीची शाळा अशीच निघाली आणि खेदीव (ही इजिप्तच्या राज्यकर्त्याची पदवी) इस्माईलच्या काळात, १८६८ मध्ये, कायद्याची शाळा निघाली. या सर्वांना ‘उच्च शाळा’ म्हणत. प्रत्येक शाळा एखाद्या सरकारी खात्याला माणसे पुरवण्यासाठी होती. त्यांना एकत्र बांधणारी संस्था नव्हती, संशोधनाची अपेक्षा नव्हती, आणि इतिहास, तत्त्वज्ञान किंवा शुद्ध विज्ञान यांना तेथे जागाच नव्हती. मुंबईच्या वाचकांना हे चटकन समजावे म्हणून सांगतो: ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, तर मुंबई विद्यापीठ १८५७ चे. जुने महाविद्यालय नव्या विद्यापीठाच्या छत्राखाली आल्याने विद्यापीठाचे वय वाढत नाही. १८२७ हे वर्ष कस्र अल-ऐनीचे आहे, विद्यापीठाचे नव्हे.

१९०८ कडे येण्यापूर्वी ब्रिटिशांविषयी लिहिणे भाग आहे, कारण विद्यापीठाच्या कल्पनेला सर्वांत मोठा अडथळा त्यांचाच होता. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजांनी इजिप्त ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी एव्हलिन बेअरिंग, म्हणजेच पुढचा लॉर्ड क्रोमर, कैरोत ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून आला. १९०७ पर्यंत देशाचा कारभार त्याच्या मर्जीने चालला. आपल्याकडील वाचकांनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा क्रोमर हिंदुस्थानात तयार झालेला अधिकारी होता: १८७२ ते १८७६ तो व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचा खासगी सचिव होता आणि १८८० ते १८८३ व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखात्याचा सदस्य होता. इंग्रजी शिकलेला, पदवी घेतलेला आणि सरकारला प्रश्न विचारू लागलेला हिंदी तरुण त्याने येथे पाहिला होता, आणि तसा वर्ग इजिप्तमध्ये वाढू नये अशी त्याची धारणा होती. त्यामुळे शिक्षणावरचा खर्च आखडता ठेवला गेला, सरकारी शाळांत फी आकारली गेली, आणि विद्यापीठाचा विषय निघाला की उत्तर मिळे की आधी गावोगावचे कुत्ताब, म्हणजे कुराण व अक्षरओळख शिकवणाऱ्या प्राथमिक शाळा, सुधारा. हे बोलणे वरवर समंजस वाटते. पण ज्याच्या हाती तिजोरी आहे तो दोन्ही कामे करू शकत होता, आणि त्याने कुत्ताबांवरही फारसा पैसा घातला नाही, हे ध्यानात घेतले तर त्यातला खरा हेतू लपत नाही.

१९०६ च्या जून महिन्यात दिनशवाय गावी कबुतरांची शिकार करणारे ब्रिटिश अधिकारी आणि गावकरी यांच्यात मारामारी झाली. त्यात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला म्हणून खास न्यायालय बसवून चार गावकऱ्यांना फाशी दिले गेले आणि इतरांना फटके व कैद. देशभर संताप उसळला. मुस्तफा कामिल या तरुण वकील-पत्रकाराने लोकांच्या पैशाने विद्यापीठ काढावे ही हाक त्याआधीपासून दिली होती. आता तिला प्रतिसाद मिळू लागला. बनी सुवैफ येथील मुस्तफा कामिल अल-घमरावी या जमीनदाराने (नावातले साम्य केवळ योगायोगाचे आहे) ५०० पौंडांची देणगी जाहीर करून इतरांनाही आवाहन केले, आणि १२ ऑक्टोबर १९०६ रोजी साद झगलूल याच्या कैरोतील घरी पहिली बैठक भरली. झगलूल तेव्हा न्यायाधीश होता. पुढे १९१९ च्या राष्ट्रीय उठावाचा तोच नेता झाला. बैठकीनंतर थोड्याच दिवसांत त्याला शिक्षणमंत्री नेमण्यात आले आणि समितीची धुरा कासिम अमीनकडे आली. स्त्रियांच्या हक्कांविषयी लिहून वादळ उठवलेला हाच तो कासिम अमीन. सरकारी नोकरी मिळवून देणाऱ्या शाळा पुरेशा झाल्या, आता ज्ञानासाठी ज्ञान मिळवणारे लोक या देशात तयार झाले पाहिजेत, ही त्याची भूमिका होती, आणि नव्या विद्यापीठाने केवळ वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान यांनीच आरंभ का केला याचे मूळ या भूमिकेत आहे. एप्रिल १९०८ मध्ये तो अकाली वारला; मुस्तफा कामिल त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. ज्या दोघांनी ध्यास घेतला त्यांच्यापैकी एकालाही उद्घाटन पाहायला मिळाले नाही, ही गोष्ट मला आजही चटका लावते.

या पहिल्या विद्यापीठाला अरबीत ‘अल-जामिआ अल-अहलिया’ म्हणत. युरोपीय भाषांतील पुस्तके त्याचे भाषांतर ‘खासगी विद्यापीठ’ असे करतात, आणि आपल्याकडेही तेच उचलले जाते. मला ते चुकीचे वाटते. ‘अहली’ या शब्दात ‘सरकारचे नव्हे, आपल्या लोकांचे’ असा भाव आहे. नफ्यासाठी चालवलेली संस्था असा अर्थ त्यात नाही. त्याच १९०६ साली टिळक ‘राष्ट्रीय शिक्षण’ हा शब्द ज्या अर्थाने वापरत होते, त्याच्या जवळ हा शब्द जातो. मराठीत लिहिताना ‘लोकवर्गणीतून उभे राहिलेले विद्यापीठ’ असे लिहावे.

लोकवर्गणीचा मार्ग मात्र एकट्याने पुढे जाणारा नव्हता. राजवाड्याची मान्यता नसेल तर मोठे देणगीदार हात आखडते घेत, आणि ब्रिटिशांची शंका दूर करायची तर पुढारीपण निव्वळ चळवळ्यांच्या हाती ठेवता येत नव्हते. म्हणून खेदीव अब्बास हिल्मी दुसरा याचा चुलता राजपुत्र अहमद फुआद याला अध्यक्ष करण्यात आले. राजाने विद्यापीठ काढले, हा समज येथून सुरू होतो. फुआद पुढे १९१७ मध्ये सुलतान आणि १९२२ मध्ये राजा झाला, त्यामुळे नंतरच्या दरबारी लेखनात तोच संस्थापक ठरला. वस्तुस्थिती अशी की तो येईपर्यंत कल्पना, समिती आणि पहिली वर्गणी ही तिन्ही कामे इतरांनी केली होती. त्याने युरोपातील आपल्या ओळखी वापरून प्राध्यापक आणि पुस्तके मिळवली, हे त्याचे श्रेय मात्र नाकारता येत नाही.

उद्घाटन २१ डिसेंबर १९०८ रोजी विधिमंडळाच्या सभागृहात खेदीवाच्या उपस्थितीत झाले, कारण विद्यापीठाजवळ स्वतःचे सभागृहच नव्हते. वर्ग भरवण्यासाठी नेस्टर जनाक्लिस या ग्रीक सिगारेट-कारखानदाराचा वाडा भाड्याने घेतला गेला. आज ज्याला तहरीर चौक म्हणतात त्याच्या कडेला तो वाडा उभा आहे. अहमद झकी इस्लामी संस्कृतीवर आणि अहमद कमाल प्राचीन संस्कृतीवर व्याख्याने देत. इटलीहून इग्नात्सिओ ग्विदी आणि कार्लो नाल्लिनो, जर्मनीहून एन्नो लिटमान, फ्रान्सहून लुई मासिन्यों असे पौर्वात्य विद्येचे पंडित आले आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी चक्क अरबीतून व्याख्याने दिली. अरबांच्या खगोलशास्त्राचा इतिहास एक इटालियन माणूस अरबीत अरबांनाच सांगतो आहे, हे दृश्य अल-अझहरमधून आलेल्या विद्यार्थ्यांना केवढे नवे वाटले असेल! त्या विद्यार्थ्यांत ताहा हुसेन नावाचा एक अंध तरुण होता. लहानपणी डोळ्यांवर चुकीचे उपचार झाल्याने त्याची दृष्टी गेली होती, आणि अल-अझहरमधल्या पाठांतराला तो कंटाळला होता. १९१४ मध्ये अबुल अला अल-मअर्री या मध्ययुगीन अंध कवीवरील प्रबंधासाठी या विद्यापीठाने आपली पहिली डॉक्टरेट त्यालाच दिली. या विद्यापीठाच्या पुढील अर्धशतकाच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येणार आहे.

सुरुवातीच्या या काळाचे गोडवे गाताना त्यातल्या दोन माघारी लपवू नयेत. इस्लामी इतिहास शिकवण्यासाठी जुर्जी झैदान या विख्यात लेखकाला १९१० मध्ये बोलावले गेले, परंतु तो ख्रिस्ती असल्याने लोकमत बिथरेल या भीतीने नेमणूक मागे घेण्यात आली. आणि स्त्रियांसाठी सुरू केलेला व्याख्यानवर्ग, जेथे नबविया मूसासारख्या शिक्षिका बोलत, तोही विरोधामुळे १९१२ मध्ये बंद करावा लागला. लोकांच्या पैशावर चालणारी संस्था सरकारच्या दडपणापासून काहीशी मोकळी असते, पण लोकांच्या रोषापुढे ती तितकीच हतबल असते.

आता पैशाविषयी. पहिला उत्साह ओसरल्यावर वर्गणी आटली. युरोपीय प्राध्यापकांचे पगार, युरोपात पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि वाड्याचे भाडे असा तिहेरी खर्च होता. अशा वेळी खेदीव इस्माईलची कन्या राजकन्या फातिमा हिच्यापर्यंत तिचे डॉक्टर मुहम्मद अलवी पाशा यांनी विद्यापीठाची ओढाताण पोहोचवली. तिने इमारतीसाठी कैरोच्या पश्चिमेस बुलाक अल-दकरूर येथे ६ फेद्दान जागा दिली (एक फेद्दान म्हणजे एका एकराहून किंचित अधिक), डकहलिया प्रांतातील ६६१ फेद्दान शेतजमिनीचे उत्पन्न वक्फ करून विद्यापीठाला लावून दिले, आणि बांधकामासाठी आपले दागिने दिले, ज्यांची किंमत सुमारे १८,००० पौंड झाली. मार्च १९१४ च्या अखेरीस कोनशिला बसवण्याचा समारंभ झाला. संस्थेचा रोजचा खर्च चालवण्यासाठी कायमचे उत्पन्न आणि इमारतीसाठी वेगळा पैसा, असा भेद करून दान देणारे लोक विरळा असतात. आयुष्यभर शिक्षणसंस्थांच्या जमाखर्चाकडे पाहिल्यावर मला या बाईंच्या व्यवहारज्ञानाबद्दल फार आदर वाटतो.

इमारत मात्र तेथे उभी राहिली नाही. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. विद्यापीठाला भाड्याचा वाडा सोडून साध्या जागेत जावे लागले, आणि फ्रान्समध्ये माँपेलिए येथे शिकणाऱ्या ताहा हुसेनसह शिष्यवृत्तिधारकांना पैशाअभावी परत बोलावले गेले. काही महिन्यांनी पुन्हा सोय झाल्यावर ताहा हुसेन पॅरिसला गेला आणि सोर्बोनमध्ये इब्न खल्दून या मध्ययुगीन अरब इतिहासकारावर प्रबंध लिहून १९१९ मध्ये परतला. रिकामा झालेला जनाक्लिसचा वाडा १९१९ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांशी संबंधित मंडळींनी घेतला आणि तेथे ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी इन कैरो’ सुरू झाली. म्हणजे आज जी वास्तू लोक अमेरिकन विद्यापीठाची म्हणून ओळखतात, तीच मूळची इजिप्शियन विद्यापीठाची पहिली जागा आहे.

१९१९ चा उठाव झाला, फेब्रुवारी १९२२ मध्ये ब्रिटनने अनेक अटी राखून इजिप्तचे स्वातंत्र्य जाहीर केले, १९२३ मध्ये राज्यघटना आली. नव्या राष्ट्राला सरकारी विद्यापीठ हवे होते, जुन्या विद्यापीठाला आधार हवा होता. डिसेंबर १९२३ मध्ये दोघांत करार झाला: लोकवर्गणीचे विद्यापीठ आपली मालमत्ता, ग्रंथालय आणि अध्यापक सरकारच्या हाती देईल आणि तेच नव्या विद्यापीठाच्या कला विद्याशाखेचे बीज ठरेल. ११ मार्च १९२५ च्या राजाज्ञेने कला, विज्ञान, वैद्यक आणि कायदा अशा चार विद्याशाखांचे इजिप्शियन विद्यापीठ अस्तित्वात आले. कस्र अल-ऐनी आणि कायद्याची शाळा येथे विद्यापीठात सामील झाल्या, कला शाखा जुन्या विद्यापीठातून आली, आणि विज्ञान शाखा नव्यानेच उभारली गेली. पहिला कुलगुरू अहमद लुत्फी अल-सय्यद होता, जो संपादक होता आणि ॲरिस्टॉटलचे अरबीत भाषांतर करणारा विचारवंत होता. आरंभी कला आणि विज्ञानाचे वर्ग अब्बासिया भागातील झअफरान राजवाड्यात भरत. पुढे राजकन्या फातिमेच्या जागेच्या मोबदल्यात गिझा येथे ऑर्मन बागेजवळ सरकारी जमीन मिळाली, ७ फेब्रुवारी १९२८ रोजी तेथे पायाभरणी झाली, आणि घुमटाचे सभागृह व १९३७ चा घड्याळ-मनोरा असलेला आजचा परिसर आकाराला आला.

सरकारी झाल्यावर पैशाची चिंता मिटली. दुसरी चिंता सुरू झाली, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. प्राध्यापक आता सरकारी तिजोरीतून पगार घेत होता. मग तो शिक्षणमंत्र्याचा नोकर होता की विद्यापीठाचा? १९२६ मध्ये ताहा हुसेनने इस्लामपूर्व अरबी काव्यावरील पुस्तकात, त्यातले बरेचसे काव्य नंतरच्या काळात रचून जुन्यांच्या नावावर घातले गेले असावे, असे मांडले, आणि ओघात काही धार्मिक परंपरांच्या ऐतिहासिकतेवरही प्रश्न उभा केला. अल-अझहरमधून आणि संसदेतून त्याच्या बडतर्फीची मागणी झाली. सरकारी वकिलाने चौकशी करून १९२७ मध्ये प्रकरण मिटवले, पुस्तक काही भाग गाळून आणि नवे घालून पुन्हा निघाले, आणि ताहा हुसेन प्राध्यापकपदी राहिला. कुलगुरू लुत्फी त्याच्या पाठीशी उभा राहिला म्हणून हे निभावले. पण ते एका माणसाच्या वजनावर निभावले, नियमाच्या बळावर नव्हे.

नियमाची कसोटी १९३२ मध्ये लागली. इस्माईल सिद्की पंतप्रधान होता. त्याने १९२३ ची घटना बाजूला सारून दुसरी आणली होती. सरकारला अनुकूल अशा काही राजकारण्यांना कला शाखेने मानद पदव्या द्याव्यात अशी सूचना आली. अधिष्ठाता असलेल्या ताहा हुसेनने ती मानली नाही. मार्चमध्ये मंत्र्याच्या हुकुमाने त्याची बदली शिक्षणखात्यात करण्यात आली आणि पुढे त्याला सेवेतूनच काढले गेले. विद्यार्थ्यांनी संप केला. विद्यापीठाला न विचारता विद्यापीठाच्या अध्यापकाला हलवता येते, हे लुत्फीने मान्य केले नाही. ९ मार्च १९३२ रोजी त्याने राजीनामा दिला. १९३५ मध्ये तो परत आला तेव्हा त्याने अट घातली की विद्यापीठाच्या संमतीशिवाय प्राध्यापकाची बदली होणार नाही, असे कायद्यात लिहिले जावे. मी वर्गात सांगत असे की कैरो विद्यापीठाच्या इतिहासातल्या एकाच तारखेची घोकंपट्टी करायची असेल तर ९ मार्चची करा. इमारत, घुमट, राजाज्ञा या गोष्टी सरकारने दिल्या. आपल्या अध्यापकावर आपला अधिकार आहे, हा दावा विद्यापीठाने स्वतः केला, आणि त्या दिवसापासून ते सरकारी खात्याहून वेगळे काही आहे असे म्हणता येऊ लागले.

त्याच वर्षांत आणखी एक बदल शांतपणे होत होता. १९२८ च्या सुमारास मुलींना फारशी जाहिरात न करता प्रवेश देण्यास आरंभ झाला. कुलगुरू आणि ताहा हुसेन यांनी मुद्दाम गाजावाजा टाळला, कारण १९१२ ची आठवण ताजी होती. १९३३ मध्ये पहिल्या मुली पदवीधर झाल्या. त्यांच्यातल्या सुहैर अल-कलमावी हिने ताहा हुसेनच्या मार्गदर्शनाखाली ‘अरेबियन नाइट्स’च्या कथांवर प्रबंध लिहून १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विज्ञान शाखेत अली मुस्तफा मुशर्रफा हा गणिती भौतिकीचा अभ्यासक १९३६ मध्ये पहिला इजिप्शियन अधिष्ठाता झाला. समीरा मूसा या आपल्या विद्यार्थिनीला विभागात अध्यापनाची जागा मिळावी म्हणून त्याने राजीनाम्याची तयारी दाखवली होती. म्हणजे विद्यापीठाची स्वायत्तता मंत्र्याच्या हुकुमाला नकार देण्यापुरती उरली नव्हती. समाज तयार नसताना एखादे दार उघडण्यासाठीही ती वापरली जात होती.

विस्तार मी भराभर सांगतो, कारण तो आकड्यांपुरताच आहे. १९३५ मध्ये अभियांत्रिकी, कृषी, वाणिज्य आणि पशुवैद्यक या शाळा विद्यापीठात आल्या, १९४६ मध्ये अरबी भाषेचे शिक्षक तयार करणारी दार अल-उलूम आली. १९३८ मध्ये अलेक्झांड्रियात कला व कायद्याच्या शाखा निघाल्या आणि १९४२ मध्ये त्यांतून तेथील स्वतंत्र विद्यापीठ झाले, ज्याचा पहिला कुलगुरू ताहा हुसेनच होता. १९५० मध्ये कैरोत दुसरे सरकारी विद्यापीठ निघाले, जे आज ऐन शम्स म्हणून ओळखले जाते. त्याचे कार्यालय त्याच झअफरान राजवाड्यात आहे. नावांतही बदल झाले: १९४० मध्ये दिवंगत राजाच्या स्मरणार्थ ‘फुआद पहिला विद्यापीठ’, आणि राजेशाही गेल्यावर १९५३ मध्ये ‘कैरो विद्यापीठ’. १९५५ मध्ये खार्तूममध्ये शाखा उघडली गेली, जी १९९३ मध्ये सुदानच्या सरकारने ताब्यात घेतली.

विद्यार्थ्यांविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. गिझाचा परिसर नाईलच्या पश्चिम काठावर आणि सरकारी कचेऱ्या पूर्व काठावर, त्यामुळे मोर्चा काढायचा तर पूल ओलांडावा लागे. नोव्हेंबर १९३५ मध्ये १९२३ ची घटना परत आणा अशी मागणी करीत विद्यार्थी अब्बास पुलावरून निघाले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कला शाखेचा विद्यार्थी अब्द अल-हकम अल-जर्राही त्यात प्राणाला मुकला. पुढच्याच महिन्यात घटना पुन्हा लागू झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये ब्रिटिशांनी देश सोडावा म्हणून निघालेल्या मोर्चाच्या वेळी पोलिसांनी तोच पूल मधून उघडला. कादंबरीकार नजीब महफूज याच विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून १९३४ मध्ये पदवीधर झाला होता. पुढे पॅलेस्टिनी नेता यासर अराफात अभियांत्रिकी आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा प्रमुख झालेला मुहम्मद अल-बरादेई कायदा येथेच शिकले. या विद्यापीठाचे नोबेल मिळवणारे हे तीन विद्यार्थी.

१९५२ च्या लष्करी क्रांतीनंतर दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि दोन्ही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. १९५४ मध्ये नव्या राजवटीला विरोध करणारे अनेक प्राध्यापक एका फटक्यात काढले गेले. १९३५ मध्ये कायद्यात मिळवलेले संरक्षण लष्करी हुकुमापुढे टिकले नाही. दुसरीकडे, शिक्षण पाणी आणि हवेसारखे सर्वांना मिळाले पाहिजे, ही ताहा हुसेनने १९५० मध्ये शिक्षणमंत्री असताना केलेली घोषणा क्रांतीचा नेता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या नासरने विद्यापीठापर्यंत नेली: १९६२ पासून सरकारी विद्यापीठांतील शिक्षण निःशुल्क झाले, आणि पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी मिळाली. क्रोमरने ज्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कुत्ताब पुरे मानले होते, त्यांची नातवंडे डॉक्टर आणि अभियंते झाली. या उपलब्धीला मी कमी लेखणार नाही. तिची किंमतही मोठी होती. वर्ग फुगले, एका व्याख्यानाला शेकडो आणि काही विद्याशाखांत हजारो विद्यार्थी बसू लागले, प्राध्यापक आखाती देशांत चांगल्या पगारावर जाऊ लागले, आणि कासिम अमीनला ज्या नोकरीकेंद्री शिक्षणापासून सुटका हवी होती तेच पुन्हा मोठ्या प्रमाणावर परतले. आज विद्यार्थिसंख्या दोन लाखांच्या घरात आहे.

स्वायत्ततेचा झगडा अजून चालू आहे. १९९४ मध्ये कायदा बदलून अधिष्ठात्यांची निवडणूक रद्द झाली आणि नेमणूक सुरू झाली. अरबी विभागातील नस्र अबू झैद या अध्यापकाच्या कुराणविषयक संशोधनावरून त्याची बढती अडली, आणि १९९५ मध्ये न्यायालयाने त्याला धर्मत्यागी ठरवून त्याचा विवाह मोडल्याचा निर्णय दिला. तो पत्नीसह नेदरलँड्सला गेला. १९२६ मध्ये जे निभावले ते सत्तर वर्षांनी निभावले नाही, हे लिहिताना वाईट वाटते. २००३ मध्ये काही प्राध्यापकांनी विद्यापीठांच्या स्वातंत्र्यासाठी जो गट स्थापन केला त्याचे नाव त्यांनी ‘९ मार्च’ ठेवले. त्यांच्या प्रयत्नांतून ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने गृहखात्याचे पोलीस विद्यापीठाच्या आवारातून हटवण्याचा आदेश कायम केला. २०११ च्या उठावानंतर अधिष्ठाते आणि कुलगुरू पुन्हा निवडून येऊ लागले, आणि २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नेमणुकीची पद्धत परत आली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. एका वाक्यात लिहायचे असेल तर असे लिहा: ‘१९०८ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालेले आणि १९२५ मध्ये सरकारी झालेले कैरो विद्यापीठ, ज्याची वैद्यक विद्याशाखा १८२७ पासून चालू आहे.’ विद्यापीठ स्वतःही आपला वर्धापनदिन २१ डिसेंबर १९०८ पासूनच मोजते. आणि कधी कैरोला गेलात, तर गिझाच्या घुमटासमोर जाण्यापूर्वी तहरीर चौकातील जनाक्लिसचा वाडा पाहा. पहिले वर्ग तेथे भरले होते.